बिनमिठाच्या चकत्या

श्रीगोंद्याकडे एका लग्नाला चालले होते. एसटी फाट्यावर थांबली, दोन बायका बोचकी सावरत उतरल्या आणि त्यांच्या मागोमाग मीही उतरले. तिथं उतरायचं काही ठरवलं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, तुमचं तिकीट पुढचं आहे. मी म्हटलं, असू दे. गाडी धूळ उडवत निघून गेली आणि मी लग्नाची साडी नेसून, हातात आहेराची पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की वास नाही. पूर्वी या फाट्यावर पाय ठेवला की मळीचा वास यायचा. गोड, आंबूस, थोडा कुजका. पाहुणे नाकाला पदर लावायचे आणि आम्ही बहिणी हसायचो, कारण आम्हाला तो यायचाच नाही. सुट्टीत मामाकडे पारनेरला राहून आलो की पहिल्या दिवशी तेवढा यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हरवायचा. आता नुसत्या तापलेल्या धुळीचा वास होता. कारखान्याची चिमणी जागेवर होती, पण तिच्या तोंडाशी धूर नव्हता. मी जरा वेळ भोंग्याची वाट पाहिली. मग माझं मलाच कसंतरी वाटलं आणि मी चालायला लागले.

कॉलनीत कुणी नव्हतं. क्वार्टरच्या रांगा उभ्या होत्या, दारं-खिडक्या निघालेल्या. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या. ओट्याची फरशी कुणीतरी काढून नेली होती. मागच्या अंगणात आले तर पत्र्याच्या छपराचं न्हाणीघर गेलेलं, पण त्याची एक भिंत उरलेली, आणि त्या भिंतीत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ठोकलेले लोखंडी हूक तसेच. गंजून लाल झालेले. त्यांच्यावर जाळी टेकायची. आणि जाळीवर सफरचंदाच्या चकत्या वाळायच्या.

त्या भिंतीच्या सावलीत मी बसले. लग्न तिकडं लागून गेलं असेल.

आमच्या लहानपणी सफरचंद हे फळ नव्हतंच. बोरं, सीताफळं, पेरू, चिंचा, ही फळं. सफरचंद म्हणजे आजारपण. नगरला सरकारी दवाखान्याच्या दारात गाडे लागायचे, त्यावर जांभळ्या कागदात गुंडाळलेली सफरचंदं असायची, आणि ती घेऊन माणसं पायऱ्या चढायची. आमच्या घरात सफरचंद पहिल्यांदा आलं ते कुंदाताईची मूत्रपिंडं गेल्यावर. आणि मग सफरचंदं यायची थांबेचनात.

कुंदाताई माझी मोठी बहीण. मी तेव्हा नववीत होते आणि तिचं डी.एड. नुकतंच झालं होतं. नोकरीची वाट पाहता पाहता ऊसतोडीवाल्यांच्या मुलांना शिकवायला ती एक हंगामभर साखरशाळेत जात होती. पाचटाच्या कोप्यांमधून ती मुलं गोळा करत फिरायची आणि संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पदराला खडू आणि उसाच्या रसाचे डाग असायचे. पारनेरकडचं एक स्थळ ठरत आलं होतं. पुढच्या हंगामाला शाळा भरली तेव्हा ती अंथरुणावर होती. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्याला दोनदा डायलिसिसला यायचं आणि ते कायमचं. स्थळाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं पथ्य सांगितलं होतं. मीठ नाही. केळं नाही, नारळपाणी नाही, डाळ जपून. फळांत सफरचंद चालेल. हे ‘चालेल’ कॉलनीभर झालं. जो यायचा तो सफरचंदं घेऊन यायचा. अण्णा कारखान्यात फिटर होते; त्यांच्या खात्यातली माणसं पाळी संपल्यावर तेलकट कपड्यांनीच यायची, दाराशी चपला काढायची, पिशवी आईच्या हातात द्यायची आणि ताईकडे न बघता अण्णांशी उसाच्या उताऱ्याचं बोलत बसायची. देवळीत, डब्यात, बाजेच्या खाली, तांदळात खुपसून, सगळीकडे सफरचंदं. घराला त्यांचा गार, गोडसर वास लागला होता. मळीचा वास आम्हाला यायचा नाही, पण हा यायचा.

आणि ताईला ती खाता येत नव्हती. कारण सगळ्यांत कडक पथ्य होतं ते पाण्याचं. तिच्या अंगात गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट राहिली नव्हती. सकाळी आई एका बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवायची. दिवसभराचं तिचं पाणी तेवढंच. चहा घेतला तर तेवढं बाटलीतून कमी करायचं. वरण घेतलं तर तेवढं कमी करायचं. सफरचंद खाल्लं तर त्यातलंही पाणीच. ताई त्या बाटलीकडे बघत पडून राहायची. तिचे ओठ सुकून त्यांना पापुद्रे यायचे. मी स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, भांड्यांच्या आवाजात पाणी प्यायचे, घोट गिळल्याचा आवाज तिला जाऊ नये म्हणून. अण्णा बाहेरून पिऊन यायचे. आई कधी प्यायची, ते मी पाहिलेलं नाही.

एक दिवस आई सफरचंदांच्या ढिगापुढं बसली होती. खालची काही डागाळायला लागली होती. ती म्हणाली, “यातलं पानीच काढून टाकू.” एवढंच म्हणाली आणि विळी घेऊन बसली.

आई पारनेरच्या कोरडवाहू रानातली. तिकडं वाळवत नाहीत अशी वस्तू नाही. गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, बोरं, मेथी. पाऊस कमी आणि ऊन भरपूर, तेव्हा उन्हाचं जे होईल ते करायचं. सफरचंद तिनं कधी वाळवलं नव्हतं, पण तिला काही अवघड वाटलं नाही. तिनं सफरचंद आडवं धरून विळीवर चकत्या पाडल्या. मधोमध बियांची चांदणी उमटली. लिंबू पिळलेल्या पाण्यात चकत्या बुडवून काढल्या, म्हणजे काळ्या पडत नाहीत. फडक्यावर टिपल्या. मग दालचिनी आणि सुंठ खलबत्त्यात कुटली, जिरं तव्यावर भाजून त्याची पूड केली, चिमटीभर मिरी, आणि हे सगळं चकत्यांवर बोटांनी भुरभुरलं. मीठ नाही. अण्णांनी वर्कशॉपमधून पट्ट्या आणून त्यांची चौकट केली, तिच्यावर खिडकीला मारायची डासांची जाळी ताणून बसवली आणि न्हाणीघराच्या भिंतीला हूक ठोकले.

दुसऱ्या चौकटीवर आमच्या चकत्या असायच्या. त्यांना पादेलोण आणि लाल तिखट. त्या माझ्या शाळेच्या डब्यात जायच्या, शेजारी जायच्या, भेटायला येणाऱ्यांपुढं बशीत जायच्या. लोक खाऊन म्हणायचे, अहो, हे तर फारच चवदार लागतंय. आई म्हणायची, तुमीच आनलेली हायेत.

चकत्या वाळायला ऊन लागायचं आणि ऊन असायचं ते गळिताच्या हंगामात. हंगामात चिमणीतून काजळी पडायची. चोयट्या, म्हणजे उसाचा चोथा, जळून उडालेल्या डासाएवढ्या काळ्या कण्या, वारा आमच्याकडं फिरला की सगळ्या कॉलनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरायच्या. कपड्यांचं सोडा, पण चकत्यांवर उतरल्या तर आई कासावीस व्हायची. जाळीवर तिनं आपली लग्नातली जुनी मलमलची ओढणी टाकली होती. दिवसातून कितीदा तरी ती ओढणी उचलून झटकायची, पुन्हा पसरायची. ढग आले की पळत जाऊन चौकट घरात. माझ्या आठवणीतली त्या काळातली आई कायम वर बघत असते. चिमणीकडं, नाहीतर आभाळाकडं.

पहिल्या दिवशी चकत्या ओल्या, मऊ, जाळीला चिकटलेल्या. हळूहळू कडा वर उचलायला लागायच्या. मग त्या कातड्यासारख्या व्हायच्या, वाकवल्या तर वाकायच्या पण तुटायच्या नाहीत. शेवटी अगदी हलक्या. डब्यात टाकल्या की वाळक्या पानांसारखा आवाज यायचा. न्हाणीघराचा पत्रा तापलेला, दालचिनीचा आणि सफरचंदाचा वास, लांबून कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडल्याचा खडखडाट, आणि सावलीत बाजेवर बसलेली ताई, हातात माशा हाकलायला वर्तमानपत्राची घडी. काही दिवसांनी विळी तिनं आपल्याकडं घेतली. आईच्या चकत्या जाड होतात म्हणायची. तिच्या चकत्या इतक्या पातळ असायच्या की उन्हात धरल्या तर पलीकडचं दिसायचं. मी केलेल्या एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. ती त्या जाळीवरून उचलून माझ्या तोंडात कोंबायची आणि म्हणायची, वर्गात तुझ्या भूमितीच्या बाई काय करतात कुणास ठाऊक.

तहान लागली की ती एक चकती तोंडात धरायची. चावायची नाही. लिंबाच्या आंबटपणानं आणि सुंठीनं तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते तिचं स्वतःचंच पाणी होतं, ते बाटलीतून कमी करावं लागत नव्हतं.

तिच्या डाव्या मनगटाजवळ ऑपरेशन करून शीर जोडली होती. सुई टोचायला जागा व्हावी म्हणून. त्या शिरेतून रक्त एवढ्या जोरात वाहायचं की हात ठेवला तर थरथर लागायची आणि कान लावला तर घुमल्यासारखा आवाज यायचा. संध्याकाळी मी तिच्या मनगटाला कान लावून पडायचे. ती विचारायची, चालू हाय का कारखाना? मी म्हणायचे, चालू आहे. तिला दवाखान्यात सांगितलं होतं की हा आवाज आहे तोवर काळजी नाही. मी रोज ऐकायचे. झोपायच्या आधी देवाला नमस्कार करावा तसं ते झालं होतं.

डायलिसिसच्या दिवशी पहाटेची एसटी. ताई खिडकीपाशी, तिच्या शेजारी आई, आईच्या मांडीवर पिशवीत डबा. मला सुट्टी असली की मीही जायचे. तो हॉल फार थंड असायचा. ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, नळीतून लाल रक्त जाताना आणि येताना दिसायचं. कुणी फार बोलत नसे. ताईच्या शेजारच्या पलंगावर पारनेरकडचे एक गुरुजी असायचे. झेडपीच्या शाळेतले, पन्नाशीचे, दाढी नेहमी घोटलेली. पहिल्यांदा त्यांनीच विचारलं, पोरी, तोंडात काय धरलंयस? ताईनं डबा पुढं केला. त्यांनी एक चकती जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांनी सांगितलं की त्यांना रोज विहिरीचं स्वप्न पडतं. त्यांच्या मळ्यातली विहीर, जी आता आटलेली आहे, ती स्वप्नात काठोकाठ भरलेली असते आणि ते पायऱ्या उतरत असतात. पाण्यापर्यंत मात्र ते कधी पोचत नाहीत, त्याआधीच जाग येते. हॉलमधल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, मला रांजणाचं पडतं. मग एकेक जण आपापलं पाण्याचं स्वप्न सांगायला लागला. ताईनं तिचं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आई मोठा डबा न्यायला लागली. तो हॉलभर फिरायचा. सिस्टर रागावायच्या, प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं म्हणायच्या, आणि मग एकेकाला एकेकच घेऊ द्यायच्या. गुरुजींसाठी वेगळी डबी असायची. त्यांनी ताईला सांगितलं होतं की तुझी ऑर्डर निघाली की आमच्याच शाळेवर ये, मी जागा धरून ठेवतो. ती हसायची. त्या हसण्यात काय असायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला ते नुसतं हसणंच वाटायचं.

एका सकाळी गुरुजींच्या पलंगावर दुसरंच कुणीतरी झोपलेलं होतं. एक तरुण मुलगा, भेदरलेला. ताईनं डबा उघडला, त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली, “चावू नको. जिभेखाली ठेव.” पुढं काही दिवसांनी गुरुजींच्या पत्नी हॉलच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. आमची डबी द्यायला आल्या होत्या. घासून लख्ख केलेली. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यांनी तीत साखर भरली होती. आईनं ती हातात घेतली आणि दोघी तिथंच उभ्या राहिल्या.

दुसरं मूत्रपिंड बसवायचं बोलणं झालं होतं. आईचं जुळत नव्हतं, अण्णांना साखर होती. मी एकदा धीर करून डॉक्टरांना माझं विचारलं. त्यांनी माझं वय विचारलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला; अजून लहान आहेस म्हणाले. मी म्हटलं, मोठी झाल्यावर? ते म्हणाले, बघू. हे ताईला कळलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “परत असलं बोललीस तर मी दवाखान्यात जानार न्हाई.” मी मनात ठरवून टाकलं होतं तरीही. मी मोठी होईन आणि देईन. ती तोवर थांबेल. याच्यापलीकडं काही असू शकतं असं मला वाटलंच नाही. आज माझ्याकडं दोन्ही आहेत. निरोगी, न मागितलेली.

त्या वर्षीच्या हंगामाच्या शेवटी शेवटी, सकाळी उठून मी तिच्या मनगटाला कान लावला आणि आत काही नव्हतं. मला वाटलं, मी नीट लावला नाही. दुसरा कान लावला. ताई माझ्याकडं बघत होती. ती म्हणाली, “रात्रीच थांबलाय. मी सांगितलं न्हाई.”

मग सगळं भरभर झालं. नगर. दुसऱ्या हाताची शीर धरेना. मानेत नळी घातली. नळीतून जंतू गेले, ताप चढला. मी मामीबरोबर घरी होते. अण्णा मध्ये मध्ये यायचे, कपडे घ्यायचे, जायचे. जाळीवर चकत्या होत्या, त्या मी सांभाळत होते. ओढणी झटकत होते, चौकट आत-बाहेर करत होते. ती परत आल्यावर डबा भरलेला असावा, एवढंच माझ्या हातात होतं.

डॉक्टरांनी अण्णांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं. काय बोलले ते अण्णांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. आई पुढं एकदा म्हणाली होती, की ते आत आले आणि कपड्यांच्या पिशवीची गाठ मारत बसले. मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. तेव्हा तिला समजलं.

जीपमधून ताईला घरी आणलं. तिला अंथरुणावर टेकवून बसवलं. ती दमली होती, पण शुद्धीवर होती, आणि घरी आल्याचं तिला बरं वाटत होतं. तिनं खोलीभर नजर फिरवली. खिडकीत तिची बाटली होती, रिकामी, कारण ती नसताना कुणी भरली नव्हती. तिला वाटलं असेल की आई आता ती भरेल.

आई स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता, काठोकाठ भरलेला, बाहेरून घाम आलेला. ती ताईच्या जवळ बसली आणि तांब्या तिच्या पुढं धरला.

ताईनं तांब्याकडं बघितलं. मग खिडकीतल्या बाटलीकडं. मग आईकडं. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी नाही, अण्णांनी नाही. ती खूप हळू म्हणाली, “आज मोजायचं न्हाई का?”

“न्हाई,” आई म्हणाली. “पी.”

अण्णा उठून बाहेर गेले. ताईनं तांब्या दोन्ही हातांनी धरला. आईनं खालून आधार दिला. ती प्यायली. आवाज करत, घटाघटा, हनुवटीवरून पाणी गळ्यावर, गळ्यावरून ब्लाऊजवर. मध्ये थांबून तिनं श्वास घेतला आणि पुन्हा प्यायली. तांब्या संपला तेव्हा तिनं तो मांडीवर ठेवला आणि त्यात बघत राहिली. मग हसली. खरं हसली, साखरशाळेतून यायची तेव्हासारखं. म्हणाली, “लई गार हाय. माठ नवा आनला का?”

आई म्हणाली, व्हय, नवा आनलाय. माठ जुनाच होता.

त्यानंतरचे काही दिवस मला कसे सांगावेत कळत नाही. आमच्या घरात सण असल्यासारखं होतं. आता मागेल ते द्या, असं डॉक्टरांनी निघताना आईला सांगितलं होतं, आणि ताई मागेल ते आम्ही आणत होतो. कलिंगड. बर्फाचा गोळा. नारळपाणी. मीठ घातलेली आमटी, जी तिनं पहिल्या घासाला डोळे मिटून खाल्ली. अण्णांनी घागरभर उसाचा रस आणला, आलं-लिंबू पिळून, आणि आम्ही सगळे तिच्यासमोर बसून प्यायलो. इतक्या दिवसांनी तिच्यासमोर प्यायलो. तिनं एक अख्खं ताजं सफरचंद मागितलं. कापू नका म्हणाली. दातांनी तोडून खाल्लं, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला आणि तो तिनं चाटला. तिची सूज वाढत होती. डोळे बारीक झाले होते. दम लागायचा, तेव्हा आई मागं बसून तिला छातीशी धरायची. चकत्यांचा डबा उशाशी होता, पण तिनं तो उघडला नाही. तिला त्यांची गरज राहिली नव्हती. मी केलेल्या होत्या त्या. त्या वेळी पहिल्यांदाच सगळीकडून सारख्या झाल्या होत्या. तिला दाखवायच्या राहिल्या.

सकाळच्या पाळीचा भोंगा होत होता तेव्हा ती गेली. भोंगा संपला आणि आईनं तिचं डोकं खाली ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा एका सकाळी अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, तो डबा घेऊन नगरच्या एसटीत बसले. त्या हॉलमध्ये गेले आणि ताईच्या पलंगावर जी कुणी बाई झोपलेली होती तिच्या हातात डबा देऊन आले. तिचं नाव त्यांनी विचारलं नाही. ती काय म्हणाली, तेही घरी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. जाळीच्या चौकटी भंगारात गेल्या. आईनं पुन्हा कधी काही वाळवलं नाही. पापड-कुरडया शेजारणी द्यायच्या. काही वर्षांनी कारखाना बंद पडला, आम्ही क्वार्टर सोडलं, पुढं अण्णा गेले. माझं लग्न होऊन मी नगरला आले आणि आईला माझ्याकडं घेऊन आले. या सगळ्या वर्षांत आईनं कुंदाताईचं नाव उच्चारलं नाही. तिचा फोटो भिंतीवर आहे, रोज पुसते. पण नाव नाही.

ऊन कलल्यावर मी उठले, साडीची धूळ झटकली आणि फाट्यावर येऊन परतीच्या गाडीत बसले. आहेर पिशवीतच राहिला.

घरी आले तेव्हा आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती. लग्न कसं झालं, विचारलं. मी सांगितलं की लग्नाला गेलेच नाही, कॉलनीत गेले होते. तिचे हात थांबले नाहीत. काय हाय तिथं आता, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. चिमणी आहे. न्हाणीघराची एक भिंत आहे.

ती निवडत राहिली. पानं एकीकडं, देठ एकीकडं. मी आत जाऊन साडी बदलून आले, तरी ती तशीच बसलेली. जुडी संपली होती. तिच्या हातात एक नुसता देठ होता आणि ती त्याचे तुकडे करत होती.

“मी पानी दिलं,” ती म्हणाली, “म्हनून गेली का गं कुंदा?”

मी तिच्यासमोर बसले. नाही म्हटलं. सांगितलं की डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं, आता सगळं द्या म्हणाले होते, पाणी दिलं नसतं तरी काही फरक पडला नसता. मी पुष्कळ बोलले. ती ऐकत होती.

“डागदर म्हनले, द्या,” आई म्हणाली. “आज द्या असं न्हाई म्हनले. म्या उद्या दिलं असतं. परवा दिलं असतं. तेवढी राहिली असती का न्हाई?”

वर्तमानपत्राची चारी टोकं धरून तिनं देठ गोळा केले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि ते टाकायला बाहेर गेली.